प्रायश्चित्त, बचाव आणि बहात्तर तास

‘पश्चात्ताप’ ह्या शब्दात काळ आहे आणि तापही आहे. कृत्य घडून गेल्यावर मागाहून जाणवणारा दाह, हा त्याचा सरळ अर्थ. कृत्यानंतरच्या काळासाठी आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत: परिणाम, फळ, भोग, पश्चात्ताप, प्रायश्चित्त. मात्र हे शब्द नीट न्याहाळले तर असे दिसते की, त्यांपैकी बहुतेकांत माणसाने ठरवण्याजोगे काही शिल्लक राहिलेले नसते. एक तर भोगायचे, नाही तर फेडायचे. कृत्य आणि त्याचा परिणाम ह्यांच्या मध्ये काही तासांचे अंतर असू शकते आणि त्या अंतरात परिणाम टाळण्याचा निर्णय घेता येतो, ही कल्पना तुलनेने नवी आहे. तिचे वय शंभर वर्षांहून थोडेसेच अधिक. ह्या कल्पनेचा इतिहास आणि मराठीत तिच्या वाट्याला आलेली वागणूक, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय सुचण्याचे कारण खाजगी आहे. आमचा एक जुना विद्यार्थी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. शुक्रवारी रात्री त्याचा एका व्यक्तीशी संबंध आला होता. निरोध वापरलेला नव्हता. त्या व्यक्तीविषयी त्याला फारसे काही ठाऊक नव्हते. शनिवारी संध्याकाळी तो एका दवाखान्यात गेला. तेथील डॉक्टरांनी त्याला ‘तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्या आणि पुन्हा असले काही करू नका’ असे सांगून परत पाठवले. उपदेश झाला, औषध मिळाले नाही. “सर, तुम्ही आम्हांला र. धों. कर्वे शिकवले होते, म्हणून तुम्हांला विचारतो,” असे तो म्हणाला. ते ऐकून आम्ही खरोखर ओशाळलो. कर्वे आम्ही शिकवले होते ते विवेकवादी निबंधकार म्हणून. त्यांच्या लेखनाचा उपयोग रविवारी सकाळी, घड्याळाकडे पाहत, कोणाला तरी करावा लागेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

त्या सकाळी काय झाले ते पुढे येईलच. आधी नाशिकविषयी. कृत्यानंतरच्या काळाशी ह्या शहराचा संबंध जुना आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी ही, पुराणकथेप्रमाणे, एका प्रायश्चित्ताचेच फळ. गौतम ऋषींवर कपटाने गोहत्येचा आळ आला; त्या पापाच्या क्षालनासाठी त्यांनी तप केले आणि गंगा भूमीवर उतरली, म्हणून ती गौतमी. रामकुंडावर आजही अस्थिविसर्जन होते, श्राद्धे होतात. जे घडून गेले त्याची व्यवस्था लावण्यासाठी माणसे शतकानुशतके ह्या घाटांवर येत आली आहेत, आणि त्या व्यवस्थेत मोठा मानसिक आधार आहे हे नाकारण्याचे कारण नाही. म. म. पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त, कर्मविपाक, श्राद्ध आणि तीर्थयात्रा हे विषय एकत्र घेतले आहेत. त्यांतील ‘कर्मविपाक’ ही कल्पना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. कारण तिच्यानुसार रोग म्हणजे पूर्वी केलेल्या पापाचे देहावर उमटलेले चिन्ह. हा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला र. धों. कर्वे वारले. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. तथापि रोगाला पापाचे चिन्ह मानणाऱ्या परंपरेचा साक्षेपी इतिहास पूर्णत्वास जात असताना, रोगाला केवळ रोग मानावे असे आयुष्यभर सांगणारा माणूस जवळजवळ एकाकी अवस्थेत गेला, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

नाशिकलगत आणखी एक गाव आहे, तेथेही ‘नंतर’चाच कारभार होता, पण तो इंग्रजी पद्धतीचा. देवळाली येथे १८६१ साली इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणी येथे उतरत आणि मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच पडून राहत. ही प्रतीक्षा कधी कधी महिनोन्‌महिने चाले. करायला काम नाही, ऊन, दारू, मलेरिया आणि गुप्तरोग, अशा अवस्थेत माणसे भ्रमिष्ट होत. त्यावरून सैनिकांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. वेड लागणे ह्या अर्थाने ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत आजही चालतो.

शिपायांचा गुप्तरोग ही साम्राज्याची मोठी डोकेदुखी होती, आणि तिच्यावर राज्यकर्त्यांनी शोधलेला उपाय उद्बोधक आहे. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा ह्यांनी शिपायाला हात लावला नाही. नोंदणी आणि सक्तीची तपासणी आली ती छावणीतील वेश्यांच्या वाट्याला. रोग आढळला की त्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या इस्पितळात डांबले जाई. इंग्लंडात आणि हिंदुस्थानात ह्याविरुद्ध चळवळ झाली आणि १८८८ साली हिंदुस्थानातील तो कायदा रद्द झाला, तरी छावण्यांतील प्रथा बराच काळ कोणत्या ना कोणत्या रूपाने टिकून राहिली. धर्मशास्त्राने पुरुषाला निदान प्रायश्चित्त तरी सांगितले होते. साम्राज्याने तेही दुसऱ्याच्या, म्हणजे स्त्रीच्या, अंगावर ढकलले. ह्या विषयाच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते: कृत्य दोघांचे, तपासणी एकाची.

रोगाला नाव देतानाही आपण दुसऱ्याकडे बोट दाखवत आलो. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात उपदंशासारख्या नव्या रोगाला ‘फिरंग’ म्हटले. कारण तो फिरंग्यांच्या संगतीने आला. बोलभाषेत तो ‘गरमी’ झाला, दुसरा ‘परमा’. आणि एकत्रितपणे सगळे ‘गुप्तरोग’. ह्या शेवटल्या शब्दाने एक विचित्र काम केले. मुळात तो रोगाच्या जागेविषयी होता. हळूहळू तो रोग्याच्या कर्तव्याविषयी झाला. गुप्तरोग म्हणजे गुप्त राखायचा रोग.

आता पॅरिसकडे जाऊ; कारण आपल्या कल्पनेचा जन्म तेथला. १९०६ साली पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ आणि एमिल रू हे दोघे उपदंशावर प्रयोग करीत होते. माकडांना उपदंशाचा संसर्ग करून, त्या जागी पाऱ्याच्या कॅलोमेल नावाच्या संयुगाचे मलम काही तासांच्या आत चोळले तर रोग होत नाही, असे त्यांना आढळले होते. हे माणसावर पडताळायचे कसे? पॉल मेझोन्नव्ह नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी स्वतः पुढे आला. त्याच्या शरीरावर उपदंशाचे द्रव्य टोचण्यात आले, सुमारे तासाभराने मलम चोळण्यात आले, आणि त्याला रोग झाला नाही; मलमाविना ठेवलेल्या माकडाला झाला. मेझोन्नव्हने ह्याच प्रयोगावर आपला प्रबंध लिहिला. आज ह्या प्रयोगाच्या नैतिकतेविषयी प्रश्न उपस्थित होतील आणि ते योग्यच आहेत. परंतु ‘संसर्ग झाला’ आणि ‘रोग जडला’ ह्या दोन घटनांच्या मधला अवकाश त्याने मोजता येण्याजोगा केला. पूर्वी जेथे केवळ चिंता होती तेथे आता घड्याळ आले.

ह्या शोधाचे स्वागत मात्र सरळ झाले नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने शिपायांसाठी संबंधानंतर काही तासांत उपचार घेण्याची केंद्रे उघडली. तो न घेता रोग जडलेल्या शिपायाला शिक्षा होई. न्यूझीलंडच्या एटी राऊट ह्या स्त्रीने रोगप्रतिबंधक साहित्याच्या पुड्या तयार करून आपल्या देशाच्या सैनिकांना पुरवल्या. १९१७ च्या अखेरीस सैन्याने तिची पद्धत स्वीकारली, आणि त्याच देशाने वृत्तपत्रांत तिचे नाव छापण्यावर बंदी घातली. इंग्लंडात १९१४ पासून काम करणारी एक राष्ट्रीय परिषद आणि १९१९ साली निघालेली दुसरी संस्था ह्यांच्यात वर्षानुवर्षे वाद झडला. प्रत्येक पुरुषाला आधीच साहित्य देऊन ‘स्वतःच लगेच निर्जंतुक करून घ्या’ असे सांगावे, की केवळ रोग्यांसाठी दवाखाने काढावेत? पहिल्या पर्यायावरचा मुख्य आक्षेप वैद्यकीय नव्हताच. बचावाचे साधन हाती दिले की अनीतीला उत्तेजन मिळेल, हा तो आक्षेप. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. गेल्या शंभर वर्षांत औषधे बदलली, रोग बदलले, पण हे वाक्य बदललेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च अभ्यासासाठी रघुनाथ धोंडो कर्वे पॅरिसला गेले होते. परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी आणि हा प्रचार ह्यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा, १९२५ साली, त्यांनी प्राध्यापकी सोडली. १९२७ च्या जुलैपासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे त्यांचे पुस्तक बहुतेकांना ऐकून माहीत असते, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे मात्र साहित्याच्या अभ्यासकांकडून सहसा उल्लेखिले जात नाही. आम्हीही वर्गात त्याचा उल्लेख कधी केला नव्हता. ह्या पुस्तकाच्या नावातच एक छोटी क्रांती आहे असे आम्हांस वाटते. ‘गुप्तरोग’ ह्या लपवाछपवीच्या शब्दाशेजारी कर्व्यांनी ‘बचाव’ हा रोखठोक शब्द ठेवला. आग लागली, पूर आला, तर बचाव करतात. बचाव करणारा माणूस सज्जन की दुर्जन, हा प्रश्न त्या शब्दात नाही. तो संस्कृतही नाही आणि शास्त्रीयही नाही, घरातला आहे.

कर्व्यांची भूमिका थोडक्यात अशी की, लैंगिक व्यवहाराची नीती काय असावी ह्यावर हवा तेवढा वाद घाला, पण आरोग्याचे ज्ञान त्या वादाचा निकाल लागेपर्यंत अडवून ठेवू नका. ह्या भूमिकेची किंमत त्यांनी न्यायालयात मोजली. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालचा दुसरा खटला आपल्या दृष्टीने अधिक बोलका आहे. कारण तो लेखाबद्दल नव्हता, वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. लोक आपल्या खाजगी शंका लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना छापील, स्पष्ट उत्तर देत. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड दोनशे रुपये. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने रविवारी फोनवर जे केले, एक खाजगी शंका जाणत्या माणसाला विचारली, तेवढेच त्या पत्रलेखकांनी केले होते. आणि उत्तर देणाऱ्याला सरकारने दंड केला. मराठी गद्याच्या इतिहासात ह्या प्रश्नोत्तरांचे स्थान कोणते, ह्याचा विचार आपण साहित्याच्या लोकांनी केला पाहिजे. निबंधाहून ती अधिक धाडसी आहेत. कारण त्यांत समोरचा माणूस काल्पनिक नाही.

१९४३ पासून उपदंशावर पेनिसिलिन वापरले जाऊ लागले आणि बचावाची निकड ओसरली. रोग झाला तर सुई आहे, मग आधीची यातायात कशाला, असा समज पसरला. तो सुमारे चाळीस वर्षे टिकला.

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांच्या तपासणीतून भारतात एचआयव्हीचे अस्तित्व प्रथम सिद्ध झाले. ज्यांचे रक्त तपासले गेले त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. लॉक हॉस्पिटलचा इतिहास आठवणाऱ्याला पुढचे सहज सांगता आले असते. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा ह्या तरुणाने रक्तदान केले, त्यातून त्याची बाधा उघड झाली आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला उचलून ६४ दिवस एकांतात डांबले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद उचलून धरली. डॉमिनिक १९९२ साली वारला, आपल्यासारख्यांसाठी एक संस्था स्थापून. त्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली, केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम करण्यास समर्थ असलेल्या मजुराला नोकरीवरून काढता येणार नाही, असा निर्णय दिला. आठ वर्षांत न्यायालयाची भाषा बदलली. समाजाची भाषा सावकाश बदलत होती. भिंतींवर कवटीचे चित्र आणि मृत्यूची धमकी आमच्या पिढीने पाहिली आहे. मुंबई–आग्रा महामार्ग नाशिकमधून जातो; त्यावरचा ट्रकचालक हा त्या काळी रोगाचा चेहरा ठरवला गेला, जसा पूर्वी फिरंगी होता.

ह्याच दशकात दूर प्रयोगशाळांतून मेझोन्नव्हचा प्रश्न नव्याने विचारला जात होता. एचआयव्हीवरचे पहिले औषध, झिडोव्युडीन, १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. सुई टोचलेल्या डॉक्टर-परिचारिकांना ते लगेच दिले तर संसर्ग टळतो काय? अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन येथील नोंदींवरून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, औषध घेतलेल्यांत संसर्गाचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होता. माकडांवरील प्रयोगांनी घड्याळाचे काटे आणखी स्पष्ट केले. टेनोफोव्हिर हे औषध संसर्गानंतर २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिले तेव्हा सर्व माकडे वाचली. ४८ वा ७२ तासांनी सुरू केले, किंवा दहा वा तीनच दिवस दिले, तेव्हा सर्व वाचली नाहीत. कारण असे की विषाणू शरीरात शिरल्यावर आधी त्या जागच्या पेशींत असतो आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचून सर्वत्र पसरायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात औषधाने त्याची वाढ रोखली तर तो मूळ धरत नाही. ७२ तासांची मर्यादा आणि २८ दिवसांचा क्रम आला तो येथून. ७२ वा तास म्हणजे दार बंद होण्याची वेळ. पहिल्या तासाला जे दार सताड उघडे असते ते प्रत्येक तासागणिक थोडे थोडे ओढले जात असते.

औषध महाराष्ट्रापासून दूर नव्हते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे रोज एका डॉलरहूनही कमी खर्चात, देऊ केला आणि जगभरच्या किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक रुग्णालयांतून बाधितांना मोफत उपचार सुरू केले. पुढे ही केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली, नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातही. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. मग दवाखान्यातून आमच्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परत यावे लागले ते का?

ह्याचे उत्तर आमच्या मते औषधशास्त्रात नाही, त्या जुन्या वाक्यात आहे. एखाद्या परिचारिकेला रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर तिला कोणी विचारत नाही की, तू सावध का नव्हतीस. तिला गोळी मिळते आणि ती मिळावी ही आस्थापनेची जबाबदारी आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, ती जबाबदारी लेखी केली. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या व्यक्तीलाही हे औषध द्यावे असे शासकीय मार्गदर्शन आहे. दोन्ही गोष्टी सर्वथा योग्य. पण ह्या दोघांत साम्य हे की, दोघेही निर्दोष आहेत. जो स्वतःच्या संमतीने गेला आणि आता घाबरून आला, त्याच्या बाबतीत मात्र बरेचसे समोरच्या डॉक्टरच्या स्वभावावर सोडलेले असते. विषाणू तोच, गोळी तीच, तास तेवढेच. फरक केवळ पात्रतेचा. आणि पात्रतेचा निकष पापाचा.

तुलनेसाठी दुसरी एक गोळी पाहावी. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून भारतात चिठ्ठीविना मिळू लागली. २००७ साली ‘आय-पिल’ बाजारात आली आणि तिच्या जाहिराती घराघरांतल्या दूरदर्शन संचावर झळकल्या. ‘बहात्तर तास’ हा शब्दप्रयोग मराठी मध्यमवर्गाला प्रथम परिचित झाला तो तेथून. तीही ‘नंतर’चीच गोळी. तिच्याविषयीही कुजबुज झाली, पण ती औषधाच्या दुकानात राजरोस मिळते. एचआयव्हीच्या बचावाची गोळी अशी सहज मिळू नये ह्याला काही वैद्यकीय कारणेही आहेत. ती चार आठवडे घ्यायची असते आणि तपासण्या लागतात. परंतु तिचे नावही सुशिक्षितांना ठाऊक नसावे, ह्याला वैद्यकीय कारण एकही नाही.

येथे निर्णयाच्या स्वरूपाविषयी बोलणे प्राप्त आहे. कारण ‘मिळालीच पाहिजे’ असे म्हणणे सोपे, ‘घ्यावी काय’ हे ठरवणे अवघड. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या व्यक्तीशी एकदा संबंध आला असता संसर्गाची शक्यता संबंधाच्या प्रकारानुसार बदलते. स्त्री-पुरुषांच्या नेहमीच्या संबंधात स्त्रीला ती दहा हजारांत सुमारे ८, पुरुषाला सुमारे ४. गुदसंबंधात ग्रहण करणाऱ्याला सुमारे १३८. सुई टोचल्यास सुमारे २३. समोरची व्यक्ती नियमित उपचार घेत असेल आणि तिच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतका उरला नसेल, तर संबंधातून संसर्ग होत नाही. हे प्रस्थापित करणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एकात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. म्हणजे भीतीच्या मानाने आकडे पुष्कळदा लहान निघतात. पण ते शून्य नसतात, आणि चूक ठरल्यास उपचार जन्मभराचे. उलट बाजूला, आजच्या गोळीने फारसा त्रास होत नाही: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ह्यांची एकत्र गोळी, दिवसातून एकदा, २८ दिवस. कोणाला मळमळते, कोणाची झोप बिघडते. मूत्रपिंड आणि कावीळ-ब ह्यांची तपासणी करावी लागते. कावीळ-ब असलेल्याने ही गोळी थांबवताना विशेष काळजी घ्यावी लागते. आधी रक्त तपासायचे ते आपण पूर्वीच बाधित नाही ना हे पाहण्यासाठी. मात्र अहवालासाठी पहिली गोळी खोळंबून ठेवायची नसते. हे सगळे पाच-दहा मिनिटांत समजावून सांगता येते. आणि समजावून सांगितल्यावर कोणी ‘नको’ म्हणाला, तर तोही निर्णयच. कोणी गोळी नाकारावी ह्यात आम्हांस दुःख नाही. ती आहे हेच कळू न देता तिसरा दिवस सरावा, ह्यात आहे. कारण मग निर्णय त्याचा राहत नाही, तो दुसऱ्याने गप्प राहून घेतलेला असतो.

त्या रविवारी आम्ही जे केले ते फार नव्हे. परिचयातल्या एका डॉक्टर बाईंना फोन लावून दिला. त्यांनी त्याच्याशी पंधरा मिनिटे बोलून घेतले. ती व्यक्ती स्त्री होती की पुरुष, हे त्यांनी विचारले असेल, त्यांना विचारणे भाग होते. आम्ही विचारले नाही. दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे साधारण अडतिसाव्या तासाला, त्याने पहिली गोळी घेतली. शनिवारची संध्याकाळ वाया गेली नसती तर ती विसाव्या तासाच्या आसपास पडली असती.

पुढे आठवड्यातून एकदा त्याचा निरोप येई. बाविसाव्या दिवशी त्याने विचारले, “सर, आता बरेच दिवस झाले, थांबवली तर चालेल का?” माकडांचे दहा दिवस आणि अठ्ठावीस दिवस आम्ही तोवर वाचले होते, ते त्याला सांगितले. त्याने क्रम पूर्ण केला. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासले. दोन्ही वेळा बाधा आढळली नाही. गोळीमुळे वाचला, की मुळात धोकाच नव्हता, हे कधीच कळणार नाही. बचावाच्या उपायांचे हेच वैशिष्ट्य: ते यशस्वी झाले तर त्यांचा पुरावा मागे राहत नाही. प्रायश्चित्ताला साक्षीदार असतात, शिक्षेला नोंद असते. टळलेल्या रोगाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. बहुधा म्हणूनच बचावाचा इतिहास लिहिला जात नाही आणि कर्व्यांचे ते पुस्तक अभ्यासक्रमात येत नाही.

अठ्ठावीस दिवस संपले तेव्हा तो रामकुंडावर जाऊन आला, असे त्याने मागाहून सांगितले. त्याची आई दर वर्षी जाते, ह्या खेपेस तिच्याबरोबर तोही गेला. आम्हांस त्यात विसंगती वाटली नाही. मनाच्या तापासाठी कोणी नदीवर जावे, कोणी जाऊ नये. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. नदी थांबून राहते. तिच्याकडे महिन्याने गेले तरी चालते, वर्षाने गेले तरी चालते. औषधाच्या दुकानात मात्र आधी जावे लागते.

यंदा ‘समाजस्वास्थ्य’ शिकवताना आम्ही व्याख्यानाचा क्रम बदलला आहे. पूर्वी आम्ही विवेकवाद, खटले आणि उपेक्षा असे क्रमाने सांगत असू. आता पहिल्या तासाला ‘बचाव’ हा एकच शब्द फळ्यावर लिहितो, आणि त्याच्याखाली बहात्तर हा आकडा. काही विद्यार्थी हसतात. एक-दोघे तो वहीत उतरवून घेतात.